मुळांवरील गाठींचे रहस्य

तूर किंवा हरभरा निघालेल्या रानात पुढचे पीक जोमाने येते, हा शेतकऱ्याचा जुना अनुभव. ‘बेवड चांगला आहे’ असे तो म्हणतो. या बेवडाचे एक मोठे कारण द्विदल वनस्पतींच्या मुळांवरील गाठींत दडलेले आहे. अशी गाठाळ झाडे हवेतील नत्र मिळवितात, हे हेलरीगेल या जर्मन शास्त्रज्ञाने १८८६ साली जाहीर केले. आणि १८८८ मध्ये बायेरिंक या डच शास्त्रज्ञाने गाठींतील जिवाणू वेगळे करून वाढविले.

हवेत सुमारे ७८ टक्के नत्र असतो; परंतु त्याच्या रेणूतील दोन अणूंची मिठी इतकी घट्ट, की वनस्पतीला तो जसाच्या तसा उपयोगी पडत नाही. ती मिठी सोडविण्यासाठी खतांच्या कारखान्यांत ४०० अंशांच्या आसपास उष्णता व प्रचंड दाब लागतो. रायझोबियम जातीचे जिवाणू तेच कार्य मातीच्या साध्या उबेत करतात. मात्र मातीत मोकळे असताना ते सहसा या कामाला लागत नाहीत. कामाची जनुके त्यांच्याजवळ असतात, पण ती निद्रिस्त असतात.

त्यांना जाग आणते ती वनस्पती. नत्राची उणीव भासली, की तिची मुळे फ्लॅव्होनॉइड नावाची द्रव्ये मातीत सोडतात. ती ओळखताच जिवाणूंची काही जनुके कार्यान्वित होतात आणि जिवाणू उलट संकेत धाडतात. त्या संकेताने मुळावरील केस वळतो, जिवाणू आत शिरतात आणि मुळातील पेशी विभागून गाठ तयार होते.

येथे एक पेच उभा राहतो. नत्र बांधणारे नायट्रोजनेज हे विकर प्राणवायूने नष्ट होते. पण श्वसनासाठी जिवाणूंना प्राणवायू तर हवाच! तो वनस्पती सोडविते. तिची काही जनुके गाठीतच जागी होऊन लेगहीमोग्लोबिन हे तांबडे प्रथिन निर्माण करतात. रक्तातील हिमोग्लोबिनचे हे जणू भावंडच. ते प्राणवायूला धरून ठेवते आणि बेताबेताने पोचविते. प्राणवायूचे प्रमाण असे उतरले, म्हणजेच जिवाणूंची नत्र बांधणारी जनुके जागी होतात. कार्यक्षम गाठ कापली असता आतून गुलाबी दिसते, ती याचमुळे.

२००५ साली लोटस जॅपोनिकस या लहानशा द्विदल वनस्पतीत हे प्रथिन घडविणारी जनुके निष्प्रभ करण्यात आली. गाठी आल्या, पण नत्र बांधला गेला नाही. खतातून नत्र मिळाला, तेव्हा तीच झाडे नीट वाढली.

गहू, भात, ज्वारी यांच्या मुळांवर अशा गाठी येत नाहीत. त्या आणता आल्या, तर खताचा केवढा भार हलका होईल! परंतु एखादे जनुक उचलून दुसरीकडे बसविल्याने हे साधणार नाही. कोणते जनुक कोठे, केव्हा आणि कोणाच्या हाकेने जागे व्हावे, हा सारा क्रम त्यासोबत यावा लागेल. गाठीचे खरे रहस्य जनुकांच्या असण्यात जितके आहे, तितकेच त्यांच्या वेळेवर जागे होण्यात आहे.