पंचवीस फेऱ्या की पाच?

पाळी जाऊन वर्षं लोटल्यावर एखाद्या बाईच्या अंगावर पुन्हा लाल जाऊ लागलं, तर घरात बहुतेक वेळा एकच निदान होतं: उष्णता झाली असेल. मग सब्जा भिजतो, धण्याचं पाणी होतं आणि दोन-तीन महिने निघून जातात. कोल्हापूरकडच्या बिद्रीसारख्या गावात तर बाईला थांबायलाच सवड नसते. पहाटे धार, दूध डेअरीत घालायचं, दिवसभर भांगलण, संध्याकाळी परत धार. दुखत नसेल तर दवाखाना मागे पडतो, आणि हे सुरुवातीला सहसा दुखत नाही.

पाळी गेल्यानंतर असा रक्तस्राव होणाऱ्या दहा बायकांपैकी साधारण नऊ जणींना कॅन्सर नसतो. पण उरलेल्या एकीला तो असतो, आणि तो बहुधा गर्भाशयाच्या आतल्या अस्तराचा असतो. ती एक कोण, हे बाहेरून कळत नाही. त्यासाठी सोनोग्राफीत अस्तराची जाडी बघावी लागते आणि गरज पडल्यास अस्तराचा बारीक तुकडा काढून तपासावा लागतो. लठ्ठपणा आणि मधुमेह यांनी हा धोका वाढतो. दोन्ही आता फक्त शहरातले आजार राहिलेले नाहीत. या कॅन्सरची एक गोष्ट मात्र बाईच्या बाजूची आहे. तो लवकर रक्ताची खूण दाखवतो, म्हणून पुष्कळदा पिशवीतच असताना सापडतो आणि शस्त्रक्रियेने बरा होतो.

शस्त्रक्रियेबद्दल एक गोष्ट इथेच सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. आपल्याकडे ‘पिशवी काढून टाकली’ हे वाक्य फार सहज बोललं जातं. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या गरज नसताना काढल्या जात असल्याचा प्रश्न २०१९ मध्ये इतका गाजला, की राज्य सरकारला नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. या बायका दर हंगामात पश्चिम महाराष्ट्रातल्या कारखान्यांच्या उसात असतात. गरज असो वा नसो, काढलेली पिशवी पॅथॉलॉजीच्या तपासणीला गेली का, हे विचारलंच पाहिजे. कॅन्सर स्नायूच्या थरात किती खोल गेला, पेशी किती आक्रमक आहेत, बारीक रक्तवाहिन्यांत शिरल्यात का, हे सगळं त्या एका कागदावर असतं. तो कागद नसेल तर पुढे शेक, म्हणजे रेडिएशन, द्यायचा की नाही, हे डॉक्टरांना अंदाजाने ठरवावं लागतं.

शस्त्रक्रियेनंतर शेक सगळ्यांना लागत नाही. नेदरलँड्समध्ये सातशेहून अधिक बायकांवर झालेल्या ‘पोर्टेक-१’ चाचणीचे निष्कर्ष २००० साली प्रसिद्ध झाले. पहिल्या टप्प्याच्या कॅन्सरमध्ये ओटीपोटाला शेक दिल्यावर पाच वर्षांत त्या भागात रोग परतण्याचं प्रमाण १४ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर आलं. आयुष्य मात्र त्याने वाढलं नाही. म्हणजे ज्यांचा धोका कमी आहे त्यांना शेकाचा त्रास विनाकारण द्यायचा नाही, आणि ज्यांचा जास्त आहे त्यांना टाळायचा नाही. या निवडीसाठी तो रिपोर्ट लागतो. आता त्यात गाठीच्या जनुकीय तपासण्यांचीही भर पडते आहे.

ज्यांना ओटीपोटाचा पूर्ण शेक लागतो, त्यांचं रूढ वेळापत्रक असं: सोमवार ते शुक्रवार, रोज एकदा, पाच आठवडे. एकूण पंचवीस वेळा, दर वेळी १.८ ग्रे (ग्रे हे शेक मोजायचं एकक), म्हणजे ४५ ग्रे. मशीनवरचा वेळ काही मिनिटांचाच. पण बिद्रीच्या बाईला त्या मिनिटांसाठी गारगोटी रस्त्यावर एसटीची वाट बघायची, कोल्हापूर गाठायचं, तिथून केंद्रापर्यंत रिक्षा करायची, नंबर लागेपर्यंत बसायचं आणि परतायचं. बरोबर कोणीतरी लागतं, म्हणजे दुसऱ्या माणसाची मजुरीही बुडते. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, त्याची मदत होते. पण दिवस तर पूर्णच जातो, आणि म्हैस दुसऱ्याच्या हाताला पान्हा सोडेल याची खात्री नसते. पाच आठवडे म्हणजे दुधाच्या बिलाच्या तीन दशवाड्यांहून जास्त काळ. हा हिशेब कुठल्याही केसपेपरवर लिहिलेला नसतो. माझ्या मते तो लिहिला पाहिजे, कारण अर्ध्यावर सुटलेला शेक हा वैद्यकीय प्रश्नच आहे.

फेऱ्या कमी करण्याचं पहिलं मोठं पाऊल पूर्वीच पडलं आहे, आणि ते आपल्याकडे पुरेसं सांगितलं जात नाही. पोर्टेक-१ मध्ये दिसलं होतं, की परतणारा रोग बहुतेकदा योनीच्या वरच्या टोकाशी, पिशवी काढून टाके घातलेल्या जागी येतो. मग सगळ्या ओटीपोटाला शेक कशाला? ‘पोर्टेक-२’ मध्ये ४२७ बायकांची तुलना झाली. अर्ध्या जणींना बाहेरून २३ वेळा शेक, अर्ध्या जणींना योनीत नळी ठेवून आतून, बहुतेकींना आठवड्याच्या अंतराने फक्त तीन वेळा. २०१० चा निष्कर्ष असा, की योनीत रोग परतण्याचं प्रमाण दोन्हीकडे दोन टक्क्यांच्या आत राहिलं. शेक संपताना पोटाचा त्रास बाहेरून शेक घेणाऱ्यांत ५३.८ टक्के जणींना होता, आतून घेणाऱ्यांत १२.६ टक्के. मध्यम धोक्याच्या बाईला तीन फेऱ्यांत मोकळं करता येतं, हे तेव्हापासून सिद्ध आहे. म्हणून बाहेरून पंचवीस शेक लिहून मिळाले, तर ‘माझं आतल्या शेकाने भागेल का?’ हा प्रश्न विचारण्यात काहीच उद्धटपणा नाही.

प्रश्न उरतो तो ज्यांना ओटीपोटातल्या लसिका ग्रंथींसकट शेक द्यावाच लागतो त्यांचा.

पिशवी काढल्यावर तिची जागा रिकामी राहत नाही. लहान आतडं घसरून त्या पोकळीत बसतं, नेमकं जिथे शेक द्यायचा तिथेच. आतड्याला रेडिएशन सोसत नाही. लगेच जुलाब लागतात, आणि वर्षा-दोन वर्षांनी कधी कधी आतडं आकसतं, रक्त पडतं. शिवाय टाक्यांची जागा एका ठिकाणी थांबत नाही. मूत्राशय भरलं की मागे सरकते, गुदाशयात मळ किंवा वायू असला की पुढे येते. जुन्या पद्धतीत या हालचालीची भरपाई म्हणून चारी बाजूंनी मोठा पट्टाच शेकला जायचा, त्यात आतडंही यायचं.

नव्या पद्धतीत दोन गोष्टी एकत्र येतात. एक म्हणजे किरणांची तीव्रता जागोजागी कमी-जास्त करून शेकाला हव्या त्या भागाचा आकार देणं. दुसरी म्हणजे दर वेळी शेक सुरू करण्याआधी त्याच मशीनवर, त्याच टेबलावर स्कॅन घेऊन आजची जागा कालच्या आखणीशी जुळते का ते बघणं. मूत्राशय कमी भरलं असेल तर बाईला उठवून पाणी प्यायला लावतात, गुदाशय भरलं असेल तर शौचाला जाऊन यायला सांगतात. तासभर वाट बघून टेबलावर गेलेल्या बाईला असं उठवलं की राग येतो. पण तिचं आतडं वाचवणारी गोष्ट तीच आहे.

याचा सर्वांत भक्कम पुरावा महाराष्ट्रातून आला आहे. टाटा मेमोरियल सेंटरच्या डॉ. सुप्रिया चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ ते २०१९ या काळात ३०० बायकांवर ‘पार्सर’ नावाची चाचणी केली. या बायकांना गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर होता, अस्तराचा नव्हे. पण त्यांचीही पिशवी काढलेली होती आणि शेक त्याच ओटीपोटाला द्यायचा होता. निम्म्या जणींना जुन्या पद्धतीचा, निम्म्या जणींना प्रतिमा बघून दिलेला नेमका शेक. तीन वर्षांनी आतड्याचा मध्यम किंवा तीव्र त्रास जुन्या पद्धतीत ४२.४ टक्के बायकांना होता, नव्या पद्धतीत २१.१ टक्के. म्हणजे निम्म्यावर आला. रोगाचा ताबा दोन्हींत सारखाच राहिला. २०२१ मध्ये हे निष्कर्ष जगभर वाचले गेले. मला यात अभिमानापेक्षा महत्त्वाचं वाटतं ते हे, की या आपल्याकडच्या बायका होत्या, आपलं जेवण जेवणाऱ्या, सरकारी आधारावर चालणाऱ्या रुग्णालयात रांग लावणाऱ्या. परदेशातला आकडा आपल्याला लागू होईल का, ही शंका इथे उरत नाही.

शेक इतका नेमका देता येतो म्हटल्यावर साहजिकच पुढचा प्रश्न आला: मग दर वेळी थोडा जास्त देऊन वेळा कमी करता येतील का? स्तनाच्या कॅन्सरमध्ये हे झालं आहे. ब्रिटनच्या ‘फास्ट-फॉरवर्ड’ चाचणीने २०२० मध्ये आठवड्याभरातले पाच शेक तीन आठवड्यांच्या शेकाइतकेच परिणामकारक असल्याचं दाखवलं. गर्भाशयाच्या अस्तराच्या कॅन्सरसाठी कॅनडात ‘स्पार्टाकस’ चाचणी झाली. ६१ बायकांना शस्त्रक्रियेनंतर ओटीपोटाला फक्त पाच शेक, दर वेळी ६ ग्रे, एकूण ३०. एक दिवसाआड किंवा आठवड्यातून एकदा. २०२२ च्या अहवालात सुरुवातीचा त्रास सोसण्याजोगा दिसला, आतड्याचा मध्यम त्रास १३ टक्के जणींना झाला.

पंचवीसच्या जागी पाच! बिद्रीहून बघितलं तर हे स्वप्नवतच आहे. पण इथे सावध राहायला हवं. त्या अहवालातली देखरेख सरासरी नऊ महिन्यांचीच होती, आणि आतड्याचे उशिराचे त्रास वर्षांनी डोकं वर काढतात. शिवाय ३० हा आकडा ४५ पेक्षा लहान असला, तरी शेक सौम्य झाला असं नाही. एका वेळचा शेक मोठा झाला की हळू वाढणाऱ्या, उशिरा प्रतिक्रिया देणाऱ्या निरोगी पेशींवर त्याचा भार प्रमाणाबाहेर वाढतो. शेकतज्ज्ञ वापरतात त्या सूत्राने मांडलं, तर उशिराच्या त्रासाच्या दृष्टीने रोज २ ग्रेच्या हिशेबात जुना ४५ चा शेक सुमारे ४३ ग्रे भरतो आणि पाच वेळांचा ३० चा शेक ५४ ग्रे. म्हणून पाच फेऱ्यांत चुकीला जागा फार कमी उरते. पंचवीसमधल्या एका दिवशी मूत्राशय रिकामं राहिलं तर पंचविसावा हिस्सा बिघडतो, पाचमधल्या एका दिवशी राहिलं तर पाचवा. रोजच्या स्कॅनशिवाय पाच फेऱ्यांचा शेक कुणी देऊ करत असेल, तर तो घेऊ नये असं मी स्पष्ट म्हणेन. आणि स्कॅन असला तरी ओटीपोटासाठी ही पद्धत सध्या चाचणीच्या चौकटीतच शोभते. रूढ उपचार पंचवीसचाच आहे.

तेव्हा आज ज्या बाईचे पंचवीस ठरले आहेत तिने ते पूर्ण करावेत, आणि ते पूर्ण व्हावेत म्हणून आजूबाजूच्यांनी हातभार लावावा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत रेडिएशनचा समावेश आहे. कोणतं पॅकेज लागू होतं ते अंगीकृत रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडून शेक सुरू होण्याआधीच लिहून घ्यावं. त्या पाच आठवड्यांत कांदा-लसूण चटणी आणि तांबडा रस्सा बंद. कच्च्या पालेभाज्या, मटकी, हरभरा कमी. मऊ भात, मुगाची पातळ खिचडी, सोसत असेल तर ताक. दूध पुष्कळदा सोसत नाही, आणि घरात दुभतं असलेल्या बाईला हे पटायला वेळ लागतो. जुलाब लागले तर शेक चुकवू नये, त्याच दिवशी सांगावं. गोळ्या असतात.

आणखी एक गोष्ट बायका विचारत नाहीत आणि डॉक्टर पुष्कळदा घाईत सांगत नाहीत. शेकानंतर योनी कोरडी होते, आकसते. नवऱ्याशी संबंध दुखरा होतो, आणि नंतरच्या तपासण्याही अवघड जातात. त्यासाठी रुंदी टिकवणारं साधं साधन मिळतं, ते कसं वापरायचं हे नर्स शिकवते. पन्नाशी-साठीच्या बाईला हे आता कशाला, असं परस्पर ठरवून टाकणं हा तिच्यावर अन्याय आहे.

पाच फेऱ्यांचा निकाल लागायचा तर त्यासाठी चाचण्या इथेही व्हाव्या लागतील. २०१२ पासून नॅशनल कॅन्सर ग्रिडच्या रूपाने टाटाच्या पुढाकाराने देशभरची केंद्रं जोडली गेली आहेत, आणि पार्सरने आपण मोठी चाचणी नीट पार पाडू शकतो हे दाखवलं आहे. अशी चाचणी उभी राहील तेव्हा तिच्यात मुंबईत खोली घेऊन राहू शकणाऱ्या बायकांबरोबर कागल, भुदरगड, राधानगरीच्या बायकाही असाव्यात, आणि मोजायच्या गोष्टींत जुलाब आणि रोग परतणं यांच्याबरोबर बुडालेली मजुरी, मोडलेल्या फेऱ्या आणि विकावी लागलेली जनावरंही असावीत.