माळ न काढता ग्राउंड मारायचं: माळकरी खेळाडूच्या प्रोटीनचा हिशोब

ज्यांना पूर्ण भाग ऐकायला वेळ नाही, किंवा गावाकडं रेंजची बोंब आहे, त्यांच्यासाठी हा भाग नेहमीप्रमाणे लिहून काढलाय. बोलण्यातलं थोडं गाळलंय, आकडे मात्र सगळे ठेवलेत.

विषय एका व्हॉइस मेसेजवरून निघाला. मुलगा आमच्या लोहा तालुक्यातला, पोलीस भरतीची तयारी करतोय. तो म्हणाला, "दादा, घरात सगळे माळकरी. मी पण माळ घातलेली. ग्राउंडवरचे पोरं म्हणायलेत, अंडी-मटण खाल्ल्याशिवाय गोळा जात नसतो, भरती होईपर्यंत माळ काढून ठेव. घरी हे बोलायची सोय नाही. काय करू?"

प्रश्न साधा नाही. भरतीच्या मैदानी चाचणीला ५० गुण असतात. मुलांना १६०० मीटर धावणे २० गुणांना, १०० मीटर १५ ला आणि गोळाफेक १५ ला. मुलींना १६०० च्या जागी ८००. एकेका गुणावर यादीत नाव वरखाली होतं. दुसऱ्या बाजूला माळ म्हणजे घरातल्या आजोबांचा शब्द, वारी, एकादशी. यातलं एक निवडायचं म्हटलं तर पोरगा अडकणारच.

उत्तर आधीच सांगतो: माळ काढायची गरज नाही. पण ताट आहे तसं ठेवूनही भागणार नाही. मधला मार्ग सगळा हिशोबाचा आहे, आणि हिशोब करणं हे माझं रोजचं काम. मी डॉक्टर नाही, आहारतज्ज्ञ नाही. बीटेक करून कोड लिहिणारा माणूस आहे. म्हणून आकडे माझ्या मनाचे वापरत नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने भारतीय अन्नपदार्थांचे तक्ते २०१७ मध्ये काढले, त्यांच्या आसपासचे गोल आकडे घेतलेत.

किती लागतं?

साध्या माणसाला दिवसाला वजनाच्या दर किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रोटीन पुरतं. भारतातली २०२० ची शिफारस हीच आहे. ६० किलोच्या माणसाला ५० ग्रॅम.

रोज पळणाऱ्या, गोळा टाकणाऱ्या, बैठका मारणाऱ्याला जास्त लागतं. क्रीडापोषणात किलोमागे साधारण १.२ ते २ ग्रॅम धरतात. आपण १.५ धरू. म्हणजे ६० किलोच्या पोराला ९० ग्रॅम. जिममध्ये कुणी २०० ग्रॅम सांगितलं तर हसून सोडून द्या.

आपल्या ताटात किती आहे?

आता आपल्याकडचं रोजचं जेवण मोजू. धान्य-डाळ नेहमी कोरडी, कच्ची मोजायची. शिजल्यावर पाणी शिरतं आणि आकडा फसवतो.

सकाळी पोहे: ४ ते ५ ग्रॅम. दिवसभराच्या चहातलं दूध: ३ ग्रॅम. दोन्ही वेळच्या मिळून चार भाकरी, म्हणजे सुमारे ३२० ग्रॅम ज्वारीचं पीठ: ३२ ग्रॅम. दोन वेळचा भात: ९ ते १० ग्रॅम. भाज्या: ४ ग्रॅम. दोन वेळचं वरण: ८ ग्रॅम.

बेरीज ६० च्या आसपास. म्हणजे साध्या माणसाला भरपूर, खेळाडूला ३० कमी.

वरणाच्या आकड्याकडं नीट बघा. "मी रोज दोन वेळा डाळ खातो" असं सगळेच म्हणतात. पण आपलं वरण पातळ. एका वाटीत कोरडी डाळ २० ग्रॅम असली तरी खूप. तूरडाळीत १०० ग्रॅमला २२ ग्रॅम प्रोटीन, म्हणून २० ग्रॅममध्ये ४ सुद्धा जेमतेम. वाटी भरलेली दिसते, पण ती पाण्यानं भरलेली असते.

भाकरीला जोडीदार लागतो

दुसरी अडचण दर्जाची. प्रोटीन म्हणजे अमिनो आम्लांची साखळी. त्यातली नऊ शरीर स्वतः बनवू शकत नाही, ती जेवणातूनच यावी लागतात. ज्वारीत त्यातलं लायसिन कमी असतं. शिवाय ज्वारीचं प्रोटीन शिजवल्यावर गव्हापेक्षा कमी पचतं. म्हणजे कागदावरचे ३२ ग्रॅम अंगाला पूर्ण लागत नाहीत.

डाळीत उलटं. लायसिन भरपूर, पण मेथिओनिन कमी. ते ज्वारीत बऱ्यापैकी असतं. दोन्ही एकत्र आली की एकीची उणीव दुसरी भरून काढते. एकाच घासात यायला हवीत असंही नाही, एका दिवसात आली तरी चालतं.

पिठलं-भाकरी म्हणजे नेमकं हेच. धपाट्यात ज्वारीच्या पिठात बेसन पडतं, तेही हेच. वेळ अमावस्येला, म्हणजे आपल्या येळवशीला, शेतात बसून खातो ती भज्जी आठवा. तूर, हरभरा, वाटाणा असे ओले दाणे, त्यात बेसन, सोबत उंडे आणि ताकातली आंबील. धान्य, कडधान्य आणि दूध तिन्ही एका पंगतीत. फक्त ते ताट वर्षातून एकदा येतं आणि पातळ वरण रोज.

उरलेले ३० ग्रॅम

अंड्याशिवाय, पावडरशिवाय, लोह्याच्या बाजारात मिळणाऱ्या गोष्टींतून:

वरण घट्ट करा. प्रत्येक वेळी २० ऐवजी ४० ग्रॅम डाळ. दिवसाला ८ ते ९ ग्रॅम वाढले. तूर, मूग, मसूर, हुलगे, मटकी, काहीही चालतं. किंवा एका वेळी वरणाऐवजी ४० ग्रॅम बेसनाचं पिठलं.

ग्राउंडवरून आल्यावर ४० ग्रॅम फुटाणे, साधारण दोन मुठी: ८ ग्रॅम.

शेंगदाणे ३० ग्रॅम, कच्चे, भाजलेले किंवा चटणीतून: ७ ग्रॅम. गुळासोबत खाल्ले तर पळायला ताकदही मिळते.

दूध ४०० मिली, दोन वेळेत विभागून: १३ ते १४ ग्रॅम.

बेरीज ३६ च्या पुढं गेली. आधीच्या ६० मध्ये मिळवा, ९५ झाले. माळ गळ्यातच आहे.

दूध प्यायलं की पोट बिघडतं असे बरेच जण आहेत. दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, त्यांना पचत नाही. त्यांनी दही खाऊन बघावं, विरजणात लॅक्टोज कमी होतं. ताकाच्या भरवशावर मात्र राहू नका. दोन चमचे दह्यात तांब्याभर पाणी घातलेल्या ताकात प्रोटीन नावालाच असतं.

शेतात पिकतं, ताटात येत नाही

नांदेड-लातूरच्या शिवारात खरिपाला जिकडं बघाल तिकडं सोयाबीन. आपण भावावर दिवसभर बोलतो, पण पोत्यातलं मूठभर घरात शिजत नाही. सोयाबीनमध्ये १०० ग्रॅमला ३६ ग्रॅमच्या आसपास प्रोटीन असतं, तूरडाळीच्या दीडपटीहून जास्त. आणि ज्वारीला कमी पडणारं लायसिन त्यात भरपूर.

एकच नियम: कच्चं खायचं नाही. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रोटीन पचू न देणारे घटक असतात, ते उष्णतेनं निकामी होतात. म्हणून उकळत्या पाण्यात १५-२० मिनिटं शिजवा, कडक उन्हात वाळवा, मग दळणात टाका. नऊ किलो धान्याला एक किलो सोयाबीन. रोज ३०० ग्रॅम पीठ पोटात जात असेल तर ७ ते ८ ग्रॅम प्रोटीन वाढतं, ते सुद्धा ताटात काही न बदलता. घरातल्या सगळ्यांनाच मिळतं.

दुकानात मिळणाऱ्या सोयावड्या त्याहून सोप्या. तेल काढल्यावर उरलेल्या सोयाबीनच्या पिठाच्या असल्यामुळे १०० ग्रॅमला ५० च्या आसपास प्रोटीन. २५ ग्रॅम वड्या भिजवून भाजीत टाकल्या की १२-१३ ग्रॅम.

"सोयाबीन खाल्लं की पुरुषांचं हार्मोन कमी होतं" हा फॉरवर्ड सगळ्यांनी वाचलाय. यावर बरेच अभ्यास झालेत, आणि त्यांचा एकत्रित आढावा सांगतो की जेवणातल्या सोयानं पुरुषांचं टेस्टोस्टेरॉन घटत नाही. बिनधास्त खा.

पैशाचा हिशोब

पॅकेटवरची किंमत बघू नका, एक ग्रॅम प्रोटीन कितीला पडतं ते बघा. २०२५-२६ च्या हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये आहे, म्हणजे किलोला ५३ रुपये. किलोत ३६० ग्रॅम प्रोटीन. एक ग्रॅम पडलं १५ पैशाला. तूरडाळ १२० रुपये किलो धरली तर ५५ पैसे. दूध ६० रुपये लिटर धरलं तर पावणेदोन रुपयांच्या आसपास. व्हे पावडरचा किलोचा डबा २,५०० ला आणि त्यात ७५० ग्रॅम प्रोटीन धरलं तर सव्वातीन रुपयांच्या वर. तुमच्या दुकानातले भाव टाकून हाच भागाकार करा.

पावडर विष नाही. व्हे दुधापासूनच बनते, आणि डब्यावर हिरवा ठिपका असेल तर शाकाहारी. ज्याला परवडते त्यानं घ्यावी. पण बापाच्या सोयाबीनच्या पट्टीतून पैसे काढून डबा आणायचा आणि तेच सोयाबीन पंधरा पैसे ग्रॅमनं विकायचं, हा व्यवहार मला पटत नाही.

उपवासाचं काय?

एकादशी महिन्यातून दोनदा. त्या दिवशी डाळ-भाकरी बंद आणि ताटात साबुदाणा. साबुदाणा म्हणजे जवळजवळ शुद्ध स्टार्च, प्रोटीन नावालाही नाही. खिचडीत जे काही प्रोटीन असतं ते दाण्याच्या कुटाचं.

म्हणून साबुदाण्याऐवजी भगर आणि शेंगदाण्याची आमटी. दिवसभरात शेंगदाणे ६० ग्रॅम: १४. दूध ६०० मिली: २०. दही २०० ग्रॅम: ६. राजगिऱ्याचे लाडू, त्यात ५० ग्रॅम राजगिरा: ७. भगर धरली नाही तरी ४७ झाले. एका दिवसासाठी चांगलं आहे. एका दिवसानं स्नायू झडत नाहीत, आठवड्याची सरासरी महत्त्वाची. एकादशीला फक्त हलकं पळा, गोळ्याचा जड सराव द्वादशीला ठेवा.

नवरात्राचे नऊ दिवस सलग असतील तर सरावही त्या हिशोबानं उतरवा. आणि निर्जळी उपवासाच्या दिवशी ग्राउंड नकोच. पाण्याशिवाय पळून कुणाचं भलं झालेलं नाही.

चार गोष्टी राहिल्या

एक, सगळं प्रोटीन रात्री एकदाच नको. चार वेळात २०-२५ ग्रॅम असं विभागा, शरीर ते नीट वापरतं.

दोन, पोटभर खा. एकूण जेवणच कमी पडलं तर शरीर प्रोटीन स्नायूला न देता चुलीत जाळतं. वजन कमी करायच्या नादात भाकरी सोडणाऱ्या मुलींनी हे विशेष लक्षात ठेवावं. शाकाहारात लोह कमी शोषलं जातं, म्हणून जेवणात लिंबू पिळा आणि जेवणानंतरचा चहा तासभर पुढं ढकला. दम लवकर लागत असेल तर हिमोग्लोबिन तपासा. दूध-दही अजिबात न खाणाऱ्यांनी बी-१२ पण तपासावं.

तीन, किडनीचा त्रास असेल तर यातलं काही डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका.

चार, गोळा प्रोटीननं जात नसतो, सरावानं जातो. प्रोटीन फक्त सरावात झिजलेलं भरून काढतं.

खुराक हा शब्द आपल्या भागाला नवा नाही. माळेगावच्या यात्रेत आजही कुस्त्या होतात. १९७० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक आणणारे हरिश्चंद्र बिराजदार आपल्या शेजारच्या लातूर जिल्ह्यातले. तालमीतल्या खुराकात लोक बदामाचं नाव आधी घेतात, पण २५ बदामांत प्रोटीन ५-६ ग्रॅम. खरं काम दूध करायचं. दोन लिटर पिणाऱ्या पैलवानाला त्यातूनच ६५-७० ग्रॅम मिळायचे. त्याला कुणी व्हे म्हणत नव्हतं एवढंच.

आता तुमचं काम. सलग तीन दिवस खाल्लेलं सगळं मोबाईलच्या नोट्समध्ये लिहा, कोरड्या वजनात. घरातला वजनकाटा फक्त पहिल्या दिवशी लागेल, नंतर मूठ आणि वाटी ओळखीची होते. बेरीज करा, आपल्या वजनाच्या दीडपटीशी ताडून बघा, आणि जेवढं कमी तेवढंच वाढवा. घरी सांगताना "खेळासाठी वरण घट्ट पाहिजे" एवढं म्हटलं तरी पुरतं. त्याला कोणतीच आई नाही म्हणत नाही.

तुमची बेरीज किती आली ते व्हॉइस मेसेजनं कळवा. पुढच्या भागात भेटू. राम कृष्ण हरी!