धीटपणा वेगळा, फाजील आत्मविश्वास वेगळा

चारचौघांत उभे राहून न अडखळता बोलता येणे ही मोठी कमाई आहे. मुलामुलींना हा धीटपणा यावा म्हणून आपण त्यांना वक्तृत्व स्पर्धेत उतरवतो, हाती माईक देतो. ते योग्यच. पण ठामपणे बोलणाऱ्याला सगळ्यातले सगळे कळते असे ऐकणाऱ्यांना वाटू लागते, आणि हळूहळू त्यालाही. आजारपणात हे महागात पडते.

बीपीचेच घ्या. ‘मला काही त्रास नाही, बीपी नॉर्मल आला, मग गोळ्यांची सवय कशाला?’ असे छातीठोक सांगणारा वस्तीत एखादा असतोच. वाढलेला रक्तदाब बहुधा जाणवतच नाही. आणि तो १४०/९०च्या खाली आलेला असतो तो अनेकदा गोळीमुळेच! गोळी परस्पर बंद केली की दाब पुन्हा चढतो. पक्षाघात, हृदयविकार, मूत्रपिंडाचे नुकसान यांचा धोका वाढतो. टीबीचेही तसेच. काही आठवड्यांत ताप उतरतो, भूक लागते, पण साध्या टीबीचे औषधही साधारण सहा महिने घ्यावे लागते. मध्येच सोडले तर उरलेले जंतू औषधाला दाद न देणारे होऊ शकतात.

अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या क्रूगर आणि डनिंग यांनी १९९९ साली विद्यार्थ्यांच्या तर्क, व्याकरण अशा चाचण्यांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. सर्वांत मागे पडलेला गट सरासरीने शंभरातल्या १२ जणांच्याच पुढे होता. त्यांचा स्वतःचा अंदाज मात्र ६२ जणांच्या पुढे असल्याचा होता. ते थापा मारत नव्हते. आपली चूक ओळखायलाही त्या विषयाची जाण लागते, असे या संशोधकांचे म्हणणे.

गंमत अशी की नाक्यावर तासभर औषधे सुचवणारा माणूस डॉक्टरांपुढे नुसता ‘हो साहेब, हो साहेब’ करतो. खरा धीटपणा तिथे हवा. ही गोळी कशासाठी, किती दिवस, एखादा डोस चुकला तर काय करायचे, हे विचारायला आमच्या मते भाषण ठोकण्याहून जास्त धैर्य लागते. मागे रांग असते, डॉक्टर घाईत असतात, शिवाय आपण अडाणी दिसू ही भीती. म्हणून प्रश्न घरीच कागदावर लिहून न्या. उत्तर समजले नाही तर ‘पुन्हा एकदा सांगा’ म्हणा, आणि बाहेर पडण्याआधी आपल्याला काय कळले ते डॉक्टरांना किंवा सिस्टरना बोलून दाखवा.