हरले तरी स्टेडियम भरलेलं

नेब्रास्का विद्यापीठाचा 'कॉर्नहस्कर्स' हा अमेरिकन फुटबॉलचा संघ २०१७ ते २०२३ या सलग ७ हंगामांत जिंकला कमी, हरला जास्त. तरी लिंकन शहरातल्या मेमोरियल स्टेडियममध्ये ३ नोव्हेंबर १९६२पासून 'हाऊसफुल्ल'ची परंपरा अखंड आहे (कोविडमुळे २०२०चे सामने प्रेक्षकांविना झाले, ते यात धरत नाहीत). नेब्रास्का राज्यात एनएफएल या व्यावसायिक लीगचा एकही संघ नाही. सगळी माया याच पोरांवर. सामन्याच्या दिवशी स्टेडियममधली लाल कपड्यांतली गर्दी राज्यातल्या तिसऱ्या क्रमांकाच्या शहराच्या लोकसंख्येलाही मागे टाकते.

२०२१चा हंगाम जिव्हारी लागणारा होता: ३ विजय, ९ पराभव आणि एकही पराभव ९ गुणांपेक्षा मोठा नाही. तिकिटं उरू लागली तेव्हा देणगीदारांनी ती विकत घेऊन गरजू मुलांना दिली. याला कुणी 'हाऊसफुल्ल' टिकवण्यासाठी केलेली आकड्यांची डागडुजी म्हणेल. मला ते पटत नाही. खुर्चीत मूल बसलंय, हे काही खोटं नव्हे.

आणि निष्ठा पाहायचीच तर सामना संपल्यावर पाहावी. पाहुणा संघ मैदान सोडून आत निघतो आणि घरचे प्रेक्षक त्याच्यासाठी टाळ्या वाजवतात, आपला संघ हरलेला असला तरी.