सभेचे मौन आणि शीख बालकांचा पटका

कार्तिक शुद्ध एकादशीस पंढरीच्या वाळवंटात टाळमृदंगाचा घोष चालतो. त्याच तिथीस नामदेवरायांची जयंती येते. आणि अवघ्या चार दिवसांनी, पौर्णिमेस, गुरू नानकदेवांचा प्रकाशोत्सव साजरा होतो. या दोन तिथींत जितके थोडे अंतर, तितकेच थोडे अंतर त्या दोन परंपरांत आहे. नामदेवरायांची ६१ पदे गुरू ग्रंथसाहिबात समाविष्ट आहेत. पंजाबातील घुमान येथे त्यांचे स्थान आजही भक्तिभावाने पूजिले जाते. दहावे गुरू गोविंदसिंह यांनी १७०८ साली देह ठेवला, तो आमच्याच गोदातीरी, नांदेड क्षेत्री. असे असता शिखांच्या लेकरांना परदेशातील शाळांत जो छळ सोसावा लागला, तो परक्यांचा म्हणून आपणांस बाजूस सारता येणार नाही. त्या छळाचा आणि त्याच्या निवारणार्थ झालेल्या कायद्यांचा विचार या पर्वाच्या निमित्ताने करावयाचा आहे.

१६९९ सालच्या वैशाखीस आनंदपूर येथे खालसा पंथाची स्थापना झाली. त्या पंथाच्या पाच ककारांपैकी पहिला केश. शीख घरातील मुलाच्या केसांना जन्मापासून कात्री लागत नाही. माता ते विंचरून त्यांचा जुडा बांधते आणि त्यावर लहानसा पटका गुंडाळून त्याला शाळेत धाडते. आपल्या घरी मुंजीतील जानव्याचे जे पावित्र्य, तेच त्या घरी या केशांचे. मात्र जानवे सदऱ्याखाली झाकते. पटका चारचौघांत उघडा दिसतो. म्हणूनच टवाळखोराचा हात प्रथम तेथे जातो.

अमेरिकेत ११ सप्टेंबर २००१ च्या भीषण हल्ल्यानंतर पगडी दिसली की दहशतवादी आठवावा, अशी विपरीत बुद्धी पुष्कळांना झाली. ती वडीलधाऱ्यांच्या बोलण्यातून मुलांच्या कानी गेली आणि शाळेच्या आवारात उतरली. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातील एका शाळेत मे २००७ मध्ये एका शीख विद्यार्थ्याचे केस दुसऱ्या विद्यार्थ्याने बळजबरीने कापले. पुढच्याच वर्षी न्यू जर्सी राज्यात एका शीख विद्यार्थ्याच्या पटक्याला सहाध्यायाने आग लावली. सिख कोअलिशन या संस्थेने २०१४ साली चार राज्यांतील मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. तीत निम्म्याहून अधिक शीख मुलांनी आपला छळ होतो असे सांगितले; डोक्याला पटका वा पगडी बांधणाऱ्यांत हे प्रमाण सुमारे दोन तृतीयांश होते.

विदुराने केलेली वाटणी

कीर्तनात द्रौपदीचे आख्यान लागले की श्रोत्यांचे लक्ष वस्त्राकडे जाते. परंतु त्या अनर्थाचा आरंभ केसांपासून झाला. राजसूय यज्ञाच्या अवभृथस्नानी मंत्रपूत जलाने जे केस भिजले होते, तेच धरून दुःशासनाने तिला सभेत फरफटत आणले. त्या सभेत भीष्म होते, द्रोण होते, सिंहासनावर धृतराष्ट्र होता. आणि सभा गप्प होती. त्या वेळी विदुराने प्रल्हादाच्या पूर्वकथेचा दाखला देऊन पापाची वाटणी सांगितली. निंद्य कृत्याची जेथे निंदा होत नाही, तेथे पापाचा अर्धा भाग सभेच्या प्रमुखाकडे जातो, पाव भाग करणाराकडे आणि उरलेला पाव भाग मौन धरून बसलेल्या सभासदांकडे. उलट, जेथे निंद्याची निंदा होते, तेथे प्रमुख आणि सभासद मुक्त होतात व सारे पाप करणाराच्या माथी जाते.

वाचकांनी ही वाटणी नीट न्याहाळावी. प्रत्यक्ष केस ओढणाराकडे पाव आणि प्रमुखाकडे अर्धे! प्रथमदर्शनी हे अन्यायाचे वाटते. पण शाळेचे उदाहरण घेतले म्हणजे त्यातील मर्म ध्यानी येते. दांडगाई करणारा मुलगा अजाण असेल. मुख्याध्यापक अजाण नसतो. अधिकार ज्याच्या हाती, त्यानेच 'मुले आहेत, थट्टा करावयाचीच' असे म्हणून पाठ फिरविली, तर दुबळ्याने दाद कोठे मागावी? कधी कधी तर प्रमुखच अडवणूक करतो. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमच्या एका मुख्याध्यापकाने पगडी उतरवून केस कापल्याखेरीज शीख मुलास प्रवेश देण्याचे नाकारले होते. ते प्रकरण सर्वोच्च न्यायपीठापर्यंत, म्हणजे हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत, गेले आणि १९८३ साली निकाल मुलाच्या बाजूने लागला.

कायदा कोणास जबाबदार धरतो?

अमेरिकेतील कायद्यांनीही, विदुराचे नाव न घेता, जबाबदारीचा मोठा भाग प्रमुखाच्याच पदरी घातला. न्यूयॉर्कमध्ये शीख मुले, त्यांचे आईबाप आणि त्यांचे हितचिंतक २००८ च्या जूनमध्ये रस्त्यावर उतरले. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात त्या शहराच्या शिक्षणखात्याने धर्म, वंश इत्यादी कारणांवरून होणाऱ्या छळाविरुद्ध स्वतंत्र नियम जारी केला. न्यूयॉर्क राज्याने २०१० साली विद्यार्थ्यांच्या प्रतिष्ठारक्षणाचा कायदा केला, तो १ जुलै २०१२ पासून अंमलात आला. त्यात धर्माबरोबर धर्माचरणाचाही उल्लेख आहे आणि प्रत्येक शाळेत या कामी एक जबाबदार व्यक्ती नेमण्याचे बंधन आहे. न्यू जर्सीच्या २०११ च्या कायद्याने तर मुदतीच बांधून दिल्या: तक्रार येताच शाळेच्या एका दिवसात चौकशी सुरू व्हावी आणि दहा दिवसांत ती पुरी व्हावी.

एक अडचण मात्र मोठी होती. १९६४ च्या नागरी हक्कांच्या कायद्यातील शाळांना लागू पडणाऱ्या कलमात वंश, वर्ण व मूळ देश यांचा उल्लेख आहे, धर्माचा नाही. तेव्हा शीख मुलाला संरक्षण कोणत्या आधारे द्यावयाचे? ऑक्टोबर २०१० मध्ये तेथील केंद्रीय शिक्षणखात्याने शाळांना पत्र धाडून खुलासा केला की, समान वांशिक वारसा असलेल्या शीख, ज्यू, मुसलमान इत्यादी विद्यार्थ्यांचा त्या वारशावरून छळ झाला तर तोही या कायद्याच्या कक्षेत येतो. पुढे २०१६ साली कॅलिफोर्नियाने केलेल्या कायद्यात शीख व मुसलमान मुलांचा नावानिशी निर्देश आला आणि धर्मावरून छळ झालेल्या मुलांसाठी साहाय्याची साधने शाळांनी उपलब्ध करावी असे ठरले.

हे कायदे केवळ शिखांच्या उपयोगाचे आहेत असे कोणी समजू नये. हिंदू अमेरिकन फाउंडेशनने २०१६ साली केलेल्या पाहणीत सुमारे एक तृतीयांश हिंदू विद्यार्थ्यांनी धर्मावरून छळ झाल्याचे नमूद केले. न्यू जर्सीत वा कॅलिफोर्नियात जी मराठी कुटुंबे नांदत आहेत, त्यांची मुले त्याच शाळांत त्याच बाकांवर बसतात. तरीही आपल्या मुलाचे हित एवढ्याच हेतूने आपण शिखांच्या पाठीशी उभे राहिलो, तर ते अपुरे ठरेल. नववे गुरू तेगबहादूर यांनी १६७५ साली दिल्लीत शिर दिले ते काश्मिरी पंडितांच्या टिळ्याजानव्याच्या रक्षणासाठी, असे शीख परंपरा सांगते. ज्या चिन्हांसाठी त्यांनी प्राण वेचले, ती त्यांच्या स्वतःच्या पंथाची चिन्हे नव्हती.

उरलेला पाव भाग

कायदा प्रमुखास जाब विचारील, करणाराला शासन करील. परंतु पाहणाऱ्यांचा जो पाव भाग उरतो, तेथे त्याचा हात पोहोचत नाही. याचा दाखला आपल्याच देशात आहे. सरदारजींवरील विनोदांना आळा घालावा म्हणून सर्वोच्च न्यायालयात अर्ज झाला होता; नागरिकांना नैतिक वर्तनाचे नियम घालून देता येत नाहीत, असे न्यायालयाने २०१७ साली सांगितले. न्यायालयाच्या दृष्टीने ते योग्यच असेल. पण मग ते काम कोणाचे? ज्या घरात पहाटे काकडआरती होते, त्याच घरात सायंकाळी 'बारा वाजले'चा विनोद हशा पिकवितो आणि लहान मूल तो ऐकत असते. परदेशातील टवाळखोर मुलानेही आपला धडा अशाच एखाद्या बैठकीत घेतलेला असतो.

औंढ्या नागनाथी नामदेवरायांना कीर्तनातून उठवून देवळाच्या पाठीमागे धाडले, तेव्हा देऊळच त्यांच्याकडे फिरले, ही कथा आपण आवडीने ऐकतो. ढकलून दिलेल्या भक्ताकडे देव तोंड करतो. भक्ताकडून निदान मान वळविण्याची अपेक्षा असावी.

या पौर्णिमेस ज्यांची नातवंडे दूरदेशी शिकतात, त्यांनी फोनवर 'तुला कोणी त्रास देत नाही ना?' एवढेच विचारून थांबू नये. 'तुझ्यादेखत कोणाला त्रास झाला का, आणि तू काय केलेस?' हेही विचारावे. कौरवांच्या त्या सभेत विदुराखेरीज आणखी एकाने तोंड उघडले होते. त्याचे नाव विकर्ण. तो दुर्योधनाचाच धाकटा भाऊ होता.