कच्ची वही, पक्की वही

काय हो, मे महिना आला की तुमच्याकडेही मुलांच्या कच्च्या वह्या रद्दीत जातात ना? मीही मुलीची घातली आणि ती दिवसभर बोलली नाही. मागच्या पानांवर तिनं खिडकीतून दिसणारा पिंपळ काढला होता!

तेव्हा मला फ्रेंच चित्रकार कोरो आठवले. त्यांची आई पॅरिसमध्ये बायकांच्या टोप्यांचं दुकान चालवी. कापडाच्या धंद्यात मन रमेना, म्हणून १८२२ साली, सव्विसाव्या वर्षी ते चित्रकलेकडे वळले. गुरूंची शिस्त ठरलेली: उघड्यावर बसून समोर दिसेल ते झटपट रंगवावं, पण ती झाली कच्ची वही. खरं चित्र चित्रशाळेत, नियमानुसार रचायचं.

१८२६ मध्ये इटलीतला नार्नीचा पडका रोमन पूल त्यांनी असाच टिपला. मग १८२७ च्या पॅरिसमधल्या प्रदर्शनासाठी तोच पूल मोठा करून, डेरेदार झाडं, शेळ्यामेंढ्या घालून नेटका रंगवला. ते पक्कं चित्र आज कॅनडात ओटावाला आहे. पण लूव्रमधल्या त्या छोट्या टिपणाचंच रसिकांना अधिक कौतुक!

शिस्त हवीच, हात तिच्यामुळेच तयार होतो. पण यंदा रद्दीवाला येण्याआधी कच्ची वही एकदा उघडून पाहा, बरं का!