शेवटी 'श' : स्वामी खरा, पण कुणाचा?

नावांची कुळकथा : भाग 6

बाळाचं नाव ठरवताना घरात सगळा खल होतो तो पहिल्या अक्षरावर. गुरुजी नक्षत्राचं चरण पाहून अक्षर सांगतात. अश्विनी असेल तर चू, चे, चो, ला. मग त्या अक्षरावरून नावं शोधायला सुरुवात होते. शेवटच्या अक्षराकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. पण संस्कृतातून आलेल्या आपल्या कितीतरी नावांचं कूळ शेवटचं पदच सांगतं. मागच्या भागात आपण 'जित'नं संपणारी नावं पाहिली. या आठवड्यात 'श'नं संपणारी पाहू. गणेश, महेश, सुरेश, रमेश, दिनेश, राजेश यांपैकी एकही नाव नसलेलं मराठी गणगोत विरळाच.

यातल्या बहुतेक नावांच्या शेवटी 'ईश' आहे. 'ईश्' या धातूचा अर्थ सत्ता चालवणं, स्वामी असणं. ईश्वर, ईशान आणि मुलींची ईशा, ईशानी ही नावं याच धातूची. स्वामी तर समजला, पण तो कुणाचा, हे नावाच्या पूर्वार्धात सांगितलेलं असतं. हा पूर्वार्ध सोडवायची किल्ली आपण शाळेतच शिकलो आहोत, ती म्हणजे संधी. मागे 'अ' किंवा 'आ' असेल तर पुढच्या 'ई'शी मिळून 'ए' होतो : गण + ईश = गणेश, उमा + ईश = उमेश. मागे 'इ' किंवा 'ई' असेल तर दीर्घ 'ई' होते : गिरि + ईश = गिरीश, सती + ईश = सतीश. मागे कठोर व्यंजन असेल तर ते मृदू होतं : जगत् + ईश = जगदीश, वाक् + ईश = वागीश, म्हणजे वाणीचा स्वामी.

अशी फोड करत गेलं की एक सुंदर गोष्ट लक्षात येते. यातली अनेक नावं देवाची ओळख त्याच्या पत्नीवरून करून देतात. रमेचा पती तो रमेश, म्हणजे विष्णू. कमला हेही लक्ष्मीचंच नाव, म्हणून कमलेशही विष्णूच. उमेश आणि सतीश दोघेही शंकर. शचीचा पती शचीश म्हणजे इंद्र, रतीचा पती रतीश म्हणजे कामदेव. लग्नानंतर बाईनं नवऱ्याचं नाव लावायचं, ही रीत आपल्या अंगवळणी पडलेली आहे. या नावांत मात्र प्रत्यक्ष देव बायकोच्या नावानं ओळखले जातात. उमेश किंवा रमेश असं नाव ठेवताना आपण देवाबरोबर देवीचंही नाव घेत असतो, हे मुलाला मोठेपणी आवर्जून सांगावं.

दुसरा गट काळाचा. दिवसाचा स्वामी दिनेश म्हणजे सूर्य, रात्रीचा स्वामी रजनीश म्हणजे चंद्र. राकेशही चंद्रच, पण नेमका पुनवेचा, कारण 'राका' म्हणजे पौर्णिमेची रात्र. पौर्णिमेला जन्मलेल्या मुलासाठी याहून चपखल नाव सापडणं अवघड. तिसरा गट सत्तेचा. नरेश, अवनीश, महीश हे राजे, तर मिथिलेश म्हणजे मिथिलेचा राजा जनक. सुरेश म्हणजे देवांचा स्वामी, म्हणून इंद्र. पण विष्णुसहस्रनामात हेच नाव विष्णूचं म्हणून येतं. लोकेश हे अमरकोशात ब्रह्मदेवाचं नाव आहे.

मंगेश हे नाव आपल्या विशेष जिव्हाळ्याचं, गोव्याकोकणातलं. त्याची फोड वरच्या नियमांत बसत नाही. त्याचा उलगडा एका आख्यायिकेत आहे. शंकरानं वाघाचं रूप घेतल्यावर घाबरलेल्या पार्वतीनं 'त्राहि मां गिरीश' म्हणून हाक मारली आणि त्या 'मां गिरीश'चं पुढे मंगेश झालं, असं परंपरा सांगते. या देवाचं मूळ स्थान कुशस्थळी, म्हणजे आजचं कुठ्ठाळी. पोर्तुगीजांच्या जाचामुळे 1560 मध्ये भक्तांनी देव नदीपलीकडे प्रियोळला नेला. तिथल्या मंगेशीवरून दीनानाथांचं 'मंगेशकर' हे आडनाव आलं.

हृषीकेश या नावावर लिहिताना सर्वाधिक अन्याय होतो. 'हृषीक' म्हणजे इंद्रिय. इंद्रियांचा स्वामी तो हृषीकेश, म्हणजे कृष्ण. गीतेच्या पहिल्याच अध्यायात हे नाव येतं. त्याचं 'ऋषिकेश' केलं की इंद्रियं जातात आणि ऋषींचे केस तेवढे उरतात.

'श'नं संपणारं प्रत्येक नाव 'ईश'चं नसतं. प्रकाश आणि आकाश 'काश्' म्हणजे चमकणं या धातूपासून आलेली. अविनाश म्हणजे ज्याला विनाश नाही तो. यश आणि सुयश यांचा अर्थ सांगायलाच नको. व्योमकेश या शंकराच्या नावात शेवटी 'ईश' नसून 'केश' आहे : आकाश हेच ज्याचे केस. उलट काही नावं ऐकायला 'श'ची वाटतात, पण ती पोटफोड्या 'ष'ची असतात. मनीष हे 'मनीषा', म्हणजे बुद्धी, या शब्दावरून आलं. शिरीष हा वृक्ष, पीयूष म्हणजे अमृत, संतोष हा 'तुष्' धातूचा. या चारही नावांत 'श' लिहिणं चूक. निमेषाचंही तसंच. निमेष म्हणजे पापणी लवण्याचा क्षण. 'निमेश' लिहिलं की तो क्षण हरवतो.

अलीकडे मागे 'एश' जोडून नवी नावं घडवली जातात. हितेश, भावेश यांची फोड नीट होते, अर्थही लागतो. पण नुसत्या नादासाठी जुळवलेल्या नावाला पूर्वार्धच नसेल, तर त्या स्वामीला सत्ता गाजवायला काही उरत नाही. अनीशच्या बाबतीत वेगळी सावधगिरी हवी. ज्याच्यावर कुणी स्वामी नाही तो अनीश, हा एक अर्थ. ज्याच्याकडे सत्ता नाही असा दुबळा, हा दुसरा. संस्कृतात दोन्ही अर्थ आहेत, हे माहीत असूनही नाव आवडलं तर जरूर ठेवावं.

वाचकांना एवढीच विनंती, की बारशाआधी निवडलेलं नाव एकदा कागदावर फोडून पाहा. पूर्वार्धाला अर्थ आहे का, संधी जुळते का, शेवटी 'श' की 'ष', हे तपासा. ह्रस्व-दीर्घही बघा : नीलेशचा 'नी' दीर्घ, दिनेशचा 'दि' ह्रस्व, गिरीशचा 'गि' ह्रस्व आणि 'री' दीर्घ. जन्माची नोंद 21 दिवसांत करायची असते, पण नाव त्यानंतरही घालता येतं. वर्षभरात घातलं तर शुल्कही पडत नाही. तेव्हा घाईनं चुकीचं लिहून देऊ नका. दाखल्यावर उमटलेलं अक्षर मुलाला शाळेपासून पासपोर्टपर्यंत जन्मभर वागवायचं असतं.

पुढच्या भागात 'ज'नं संपणारी नावं : पंकज, मनोज, अनुज आणि सरोज.